आकाराममामांच्या लाल अळ्या

आकाराम खबाले यांनी फौजेत एकोणीस वर्षं अळ्या मारल्या आणि त्यानंतर कॉलेजात अकरा वर्षं अळ्या जगवल्या. दोन्ही कामं त्यांनी सारखंच मन लावून केली.

फौजेत ते आरोग्य पथकात होते. तेजपूर, बागडोगरा, जोधपूर, जिथं बदली होईल तिथं छावणीभोवती साठलेलं पाणी हुडकायचं, त्यावर डासांचं औषध मारायचं आणि दुसऱ्या दिवशी लांब दांड्याच्या पळीनं पाणी उचलून किती अळ्या मेल्या ते बघायचं. हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते शिराळ्याजवळच्या आपल्या गावी आले आणि वर्षभरात तालुक्याच्या रस्त्यावरच्या सायन्स कॉलेजात प्रयोगशाळा परिचर म्हणून लागले. कॉलेजातली पोरं त्यांना मामा म्हणायला लागली.

पहिल्याच दिवशी प्राणिशास्त्राच्या संयोगिता मॅडमनी त्यांना काचेचा एक उथळ ट्रे दाखवला. तळाशी बोटभर गाळ, आणि त्यात सुतासारख्या लालभडक अळ्या वळवळत होत्या. मामांनी सवयीनं विचारलं, औषध कुठं ठेवलंय. मॅडम म्हणाल्या, या मारायच्या नाहीत, सांभाळायच्या.

ही डासाची भावकी, पण न चावणारी. अळीचं चिलट झालं की ते तीन-चार दिवस जगतं, काही खात नाही, अंडी घालतं आणि मरतं. सगळं आयुष्य काढायचं ते अळीनं, पाण्याच्या तळाशी, गाळाची बारीक नळी करून तिच्यात बसून. तिच्या अंगात आपल्या रक्तासारखाच लाल पदार्थ असतो, म्हणून जिथं हवा कमी अशा चिखलातही ती तग धरते. पण त्या चिखलात विष उतरलं, तर ते सगळ्यात आधी तिच्या पोटात जातं. म्हणून नदीनाल्याचं पाणी कसं आहे हे विचारायचं तर शास्त्रज्ञ या अळीला विचारतात.

तिचा दुसरा गुण आणखी भारी. तिच्या लाळग्रंथीच्या पेशीत गुणसूत्रं इतकी जाड असतात की कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतात. आडव्या पट्ट्यापट्ट्यांची, आणि मध्ये एखाद्या ठिकाणी फुगलेली. जिथं फुगवटा, तिथं पेशीचं काम जोरात चालू. विष लागलं की फुगवटे बसतात. म्हणजे अळी मरायच्या आधीच तिच्या पेशीत बघून सांगता येतं की पाण्यात काहीतरी बिघडलंय.

ही गुणसूत्रं काचेवर पसरायची तर ग्रंथी सुईनं अलगद काढावी लागते, रंगात भिजवावी लागते आणि वर पातळ काच ठेवून, टिपकागदाच्या घडीवरून अंगठ्यानं दाबावी लागते. दाब कमी पडला तर गोळा राहतो, जास्त झाला तर चिंधड्या होतात आणि अंगठा तसूभर सरकला तर सगळं पुसलं जातं. एम.एस्सी.ची पोरं पन्नास काचा बाद करायची. मामांनी चार महिने मॅडमचा हात नुसता बघितला आणि पाचव्या महिन्यात त्यांची काच मॅडमच्या काचेपेक्षा स्वच्छ आली. पोरांनी विचारलं, किती जोर लावायचा? मामा म्हणायचे, "जोर लावायचाच न्हाई. नुसतं वजन ठेवायचं."

घरी मात्र त्यांची चेष्टा व्हायची. त्यांच्या बायको राहीबाई शेजारणींना सांगायच्या, "आमचं ह्ये घरात मच्छरदाणी बांधून झोपत्यात, आन् तिकडं त्यांच्याच भावकीला येळच्या येळी जेवाण घालत्यात."

या अळ्यांचा वंश कॉलेजात आला तो पाटणजवळच्या एका डबक्यातून. मॅडमनी स्वतः तिथून आणल्या होत्या. पुढं रस्ता रुंद झाला आणि ते डबकं बुजलं. अकरा वर्षांत मामांच्या ट्रेमध्ये शंभरावर पिढ्या झाल्या होत्या. मॅडमनी नऊ वर्षं खपून त्याच वंशाच्या गुणसूत्रांचा पट्टीपट्टीचा नकाशा काढला होता. कुठल्याही पाण्यानं पेशीत काय बदल झाला हे ठरवायचं ते त्या नकाशाशी ताडून. वंश तुटला तर नकाशा नुसतं चित्र होऊन राहिला असता.

सृष्टी मॅडमकडे पीएच.डी. करत होती. ती खोरेवाडीची. गावाच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला लोखंडी सुट्या भागांना मुलामा देणारा एक कारखाना होता आणि चार वर्षांपासून ओढ्यातले मासे कमी झाले होते, म्हशी पाण्याला तोंड लावेनात. कारखान्याचा माणूस दर ग्रामसभेला यायचा आणि पुरावा दाखवा म्हणायचा. सृष्टीला तो पुरावा हवा होता. ओढ्याची धार बारीक असते तेव्हाच पाणी सगळ्यात वाईट असतं, म्हणून तिनं जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, पाणी भरून आणलं.

त्याच सोमवारी वसतिगृहातली एक मुलगी डेंगीनं आजारी पडली. प्राचार्यांनी मामांना बोलावलं आणि म्हणाले, हवालदार, हे काम तुमच्याशिवाय कुणाचं? मामांची छाती फुगली. दहा-अकरा वर्षांनी कुणीतरी त्यांना त्यांच्या जुन्या कामासाठी हाक मारली होती. त्यांनी प्रयोगशाळेतला प्लॅस्टिकचा लाल मग्गा उचलला, आरोग्य केंद्रातून आलेलं औषध त्यात मापून बादलीत कालवलं आणि वसतिगृहाच्या गटारी, कुंड्या, टायरं, मोडका हौद, काही म्हणून सोडलं नाही. प्रयोगशाळेत अळ्यांसाठी पाणी निववत ठेवलेल्या पिंपाकडं ते फिरकलेसुद्धा नाहीत. एवढी अक्कल त्यांना होतीच. मग्गा साबण लावून तीन पाण्यांनी धुतला, उन्हात वाळवला आणि जागेवर ठेवला. फौजेत तीन पाण्यांनी धुतलेल्या मग्ग्यात चहा प्यायला तरी कुणी नावं ठेवली नव्हती.

मंगळवारी त्यांनी त्याच मग्ग्यानं पिंपातलं दोन दिवस निवलेलं पाणी काढून अळ्यांच्या आठही मोठ्या ट्रेमध्ये थोडं थोडं भरलं. सृष्टीलाही त्याच मग्ग्यानं पाणी काढून दिलं. तिनं त्यात ओढ्याचं पाणी मिसळून अर्धं, पाव आणि दहावा हिस्सा असे तीन प्रकार केले आणि प्रत्येकात वीस-वीस अळ्या सोडल्या. तुलनेसाठी नुसत्या स्वच्छ पाण्याचं एक भांडं लागतं. ते तिनं शनिवारीच भरून ठेवलेल्या बाटलीतून भरलं.

बुधवारी सकाळी सातला मामांनी कुलूप उघडलं. सृष्टीच्या भांड्यांकडं नजर गेली आणि ते थांबले. दहाव्या हिश्श्याच्या भांड्यात सगळ्या अळ्या नळ्या सोडून वर आल्या होत्या, ताठ. पाव हिश्श्यातल्याही तशाच. अर्ध्या हिश्श्याच्या भांड्यातल्या मात्र अजून गाठ मारल्यासारख्या आखडत होत्या, सुटत होत्या, परत आखडत होत्या. स्वच्छ पाण्यातल्या वीसच्या वीस आपापल्या नळीत आरामात होत्या.

साडेनऊला सृष्टी आली तोवर तिन्ही भांडी निपचित झाली होती. तिनं दोनदा मोजलं आणि तिथूनच वडिलांना फोन लावला. दहापट पातळ केलेल्या पाण्यातही एका रात्रीत सगळ्या मेल्या, म्हणाली. पुरावा मिळाला, म्हणाली. मामांकडं वळून हसली. मामा हसले नाहीत. ओढ्याचं पाणी जिथं सगळ्यात कमी, तिथं अळ्या आधी मेल्या होत्या, आणि हे फक्त त्यांनीच बघितलं होतं. आणि ते आखडणं, ती गाठ. त्या मरणाची चाल त्यांना ओळखीची होती. तेजपूरच्या नाल्यावर, जोधपूरच्या हौदात त्यांनी ती हजारदा बघितली होती.

त्यांनी मोठ्या ट्रेंवरची फडकी उचलली. आठही ट्रेमध्ये अळ्या गाळाच्या बाहेर पडल्या होत्या.

मॅडमच्या टेबलावर काचा करायसाठी ठेवलेला एक छोटा ट्रे होता. त्यात मंगळवारी पाणी घातलेलं नव्हतं. मामांनी त्यातल्या अळ्या मोजल्या. चौदा. मग त्यांनी दोन काचेच्या वाट्या घेतल्या. एकीत स्टीलच्या तांब्यानं पिंपातलं वरचं पाणी घातलं, दुसरीत तेच पाणी लाल मग्ग्यात ओतून, हलवून घातलं. दोन्हीत पाच-पाच अळ्या सोडल्या. चौदातल्या पाच जाणार हे त्यांना जवळजवळ ठाऊक होतं. पण नुसता संशय घेऊन मॅडमसमोर जायचं त्यांना पटेना.

दुपारी तीनला ते दोन्ही वाट्या घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. सृष्टी तिथंच बसली होती, आकड्यांचा तक्ता करत.

"मॅडम, वढ्यानं न्हाई मारल्या," मामा म्हणाले. "मी मारल्या."

त्यांनी मग्ग्याची सगळी हकिगत सांगितली, सोमवारपासून. सृष्टीला ते ऐकवेना. ती म्हणाली, "मामा, तुमी कशाला अंगावर घेताय? वढा कसा हाय ते तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"वढा घाणच हाय, बाई. पन पातळ केल्यावर जोर कमी व्हाया पायजे का वाढाया? तुज्या धाव्या हिश्श्यातल्या पयल्यांदा मेल्या. सात वाजता मी सवता बघितलंय."

मॅडमनी दोन्ही वाट्या उजेडात धरल्या. एकीत पाचही जिवंत, दुसरीत पाचही ताठ. त्यांनी विचारलं, मग्गा कितीदा धुतला? तीन पाण्यांनी, साबणानं, मामा म्हणाले. मॅडमनी मान हलवली. हे औषध तेलकट, ते प्लॅस्टिकला धरून बसतं, पाण्यानं धुऊन जात नाही. माणसाला काही होत नाही एवढंसं राहतं, पण या अळीला तेवढं पुष्कळ होतं. पिंपभर पाण्यात ते विरलं, मग्ग्यातल्या पाण्यात मात्र उतरलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "पाणी चाखायलाच ठेवलंय ना आपण त्यांना. बरोबर चाखलं त्यांनी."

त्यांनी मामांना रागावून काही म्हटलं नाही. प्रयोगशाळेची नोंदवही पुढं केली आणि तुम्हीच लिहा म्हणाल्या. मामांनी तारीख घातली, वेळ घातली, औषधाचं नाव, मग्ग्याचा रंग, किती वेळा धुतला ते सगळं लिहिलं आणि खाली सही करून त्याखाली पूर्ण नाव लिहिलं. सृष्टी उठून बाहेर गेली. तिला वडिलांना परत फोन करायचा होता. पुढचे चार दिवस ती मामांशी बोलली नाही.

आता हिशेब एवढाच होता. छोट्या ट्रेमधल्या उरलेल्या चार, वाटीतल्या पाच आणि सृष्टीच्या स्वच्छ पाण्यातल्या वीस. एकूण एकोणतीस. शंभर पिढ्यांचा वंश एकोणतीस अळ्यांवर आला होता.

मामांचा आता पिंपावर विश्वास राहिला नव्हता. राहीबाईंनी दुधाची स्टीलची किटली नुसत्या उकळत्या पाण्यानं चारदा विसळून दिली आणि मामा रोज सकाळी मळ्यातल्या विहिरीचं पाणी किटलीत भरून एसटीनं कॉलेजला न्यायला लागले. कंडक्टर ओळखीचा. त्यानं विचारलं, "काय हवालदार, रतीब घालाय चाललाय व्हय?" मामा म्हणाले, "पाणी हाय, गड्या. पाव्हणं लय नाजूक हायत."

पण खरी अडचण पाण्याची नव्हती. या जातीत नर आधी बाहेर पडतात, माद्या दोन-तीन दिवस मागून. हजार अळ्या असल्या की काही बिघडत नाही, रोजच कुणी ना कुणी बाहेर पडत असतं. एकोणतिसांत मात्र नर आधी उडून मरायचे आणि माद्या नंतर जाळीच्या रिकाम्या पिंजऱ्यात यायच्या. मॅडमनी ही भीती बोलून दाखवली आणि म्हणाल्या, यावर पुस्तकात काही उपाय नाही.

मामा दोन दिवस अळ्यांकडं बघत बसले. अकरा वर्षांत त्यांनी एक गोष्ट हेरली होती, कुणी विचारली नव्हती म्हणून सांगितली नव्हती. मादी होणारी अळी अंगानं भरलेली असते, नर होणारी किरकोळ. आणि थंडीच्या दिवसांत सगळ्यांचंच वाढणं आठवडाभर लांबतं. त्यांनी पातळ ब्रशनं किरकोळ अळ्या वेगळ्या केल्या. तेरा निघाल्या. त्यांची काचेची बरणी मातीच्या परातीत ठेवली, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं आणि दर दोन तासांनी त्यावर पाणी शिंपडलं. सोळा भरलेल्या अळ्या त्यांनी खिडकीच्या उबेला ठेवल्या. नरांना जरा रोखून धरायचं, एवढाच बेत.

पाचव्या दिवशी सृष्टी गोणपाटावर पाणी शिंपडताना दिसली. मामा जेवायला गेले होते. परत आल्यावर त्यांनी बघितलं आणि ते डबा धुवायला गेले. संध्याकाळी तीच म्हणाली, पाण्याचं झालं ते झालं, ओढ्याचा गाळ आणूया का? पाणी साठवून टिकत नाही, पण गाळ फ्रिजमध्ये दोन महिने टिकतो आणि विष शेवटी बसतं ते गाळातच. दोघं दुसऱ्या दिवशी मामांच्या मोटारसायकलवरून खोरेवाडीला गेले आणि कारखान्याच्या वरून एक, खालून एक, असे दोन डबे भरून आणले.

बाराव्या दिवशी पिंजऱ्यात पहिलं चिलट दिसलं. डोक्यावर पिसासारख्या मिशा, म्हणजे नर. मामांचा चेहरा उतरला. त्याच दुपारी खिडकीजवळच्या बरणीतून दोन माद्या बाहेर आल्या आणि मामांनी त्या त्याच पिंजऱ्यात सोडल्या. दुसऱ्या दिवशी नर पाच, माद्या चार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उजेड मंद झाला तसे नर पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात गोळा झाले आणि एकाच जागी वर-खाली नाचायला लागले. सृष्टी, मॅडम आणि मामा तिघंही पिंजऱ्याला खेटून बघत होते. नाच अर्धा मिनिट टिकला आणि विस्कटला. मॅडम म्हणाल्या, एवढ्यानं काही झालं असेल असं वाटत नाही.

सकाळी मामांनी पिंजऱ्यातली पाण्याची वाटी वाकून बघितली. काही नव्हतं. त्यांनी ती उचलली नाही, नुसती फिरवली. पलीकडच्या काठाला, पाण्याच्या रेषेवर, साबुदाण्याच्या खिरीचा थेंब लोंबावा तशी चिकट, पारदर्शक माळ होती आणि तिच्यात तपकिरी ठिपक्यांची नागमोडी रांग. एका माळेत चारशे-पाचशे अंडी. पुढच्या दोन दिवसांत आणखी तीन माळा आल्या. त्यातली एक पांढरी पडून सडली. उरलेल्या तिन्ही फुटल्या आणि वाटीचा तळ केसाएवढ्या, अजून लाली न चढलेल्या पिल्लांनी भरून गेला. मामांनी त्या दिवशी माशाच्या खाद्याची पूड दोनदा वस्त्रगाळ केली, कारण एवढ्या लहान तोंडाला एकदा चाळलेली जाड जाईल असं त्यांना वाटलं.

जुलैत त्याच पिढीवर प्रयोग परत झाला. स्वच्छ वाळूतल्या चाळीसपैकी तीन मेल्या. कारखान्याच्या वरच्या गाळात चार. खालच्या गाळात एकोणीस. जगलेल्या एकविसांपैकी तेरांच्या तोंडातले मधले दात मोडके किंवा एकमेकांना जोडलेले निघाले, हीही विषाचीच खूण. मामांनी त्यांच्या ग्रंथी दाबून काचा केल्या आणि मॅडमनी नकाशा पुढ्यात ठेवून बघितल्या. पट्ट्या त्याच होत्या, पण मोठे फुगवटे निम्म्यावर बसले होते.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत सृष्टीनं हे खोरेवाडीत सांगितलं. मंदिराच्या मंडपात माणसं दाटीनं बसली होती, कारखान्याचा माणूस पुढच्या रांगेत होता. मामा मागं खांबाला टेकून बसले होते. तिचं संपता संपता ज्योतिबा नावाचे एक म्हातारे शेतकरी उठले.

"जूनात तर तुजा बा सांगत हुता, एका रात्रीत सगळ्या खलास. आता एकोणीस म्हंतीस. मधी कारखान्यानं चहा पाजला का काय?"

मंडप हसला. कारखान्याचा माणूसही हसला. सृष्टी लाल झाली आणि तिनं कागद खाली घेतला. तेवढ्यात मामा उठले.

"त्यो चहा मी पाजला," ते म्हणाले. "मी रिटायर हवालदार, कॉलेजात शिपाईगिरी करतो. डासाच्या औषधाचा मग्गा मी पिंपात घातला. पयल्या अळ्या माज्यामुळं मेल्या, तुमच्या वढ्यामुळं न्हाई."

हसणं थांबलं. ज्योतिबा त्यांच्याकडं वळले. "आवं हवालदार," ते म्हणाले, "तुमी गप बसला असता तर ह्या कारखान्याचं दार तवाच बंद झालं असतं की."

"झालं असतं. मंग ह्येंनी दुसरीकडनं पाणी तपासून आणलं असतं, आन् तितं अळ्या जित्त्या निघाल्या असत्या. त्येच्यानंतर या पोरीचं खरं बोलणंबी कुणी कानावर घेतलं असतं का?"

पुढच्या रांगेतल्या माणसानं मान वळवून मागं बघितलं. ज्योतिबा खाली बसले आणि हातानं खूण करून म्हणाले, "बाई, त्या मोडक्या दाताचं फोटू परत दाव. मागच्यांस्नी दिसलं न्हाई."

सृष्टीनं परत पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. शेवटी ठराव लिहायला घेतला तेव्हा ग्रामसेवकांनी मोठ्यानं वाचलं, कारखान्याच्या खालच्या गाळात जवळपास निम्म्या अळ्या मृत.

"जवळपास नको," सृष्टी म्हणाली. "चाळिसातल्या एकोणीस लिहा."